माझ्या मापाची रॅकेट

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी ही वही लिहायला लावली आहे. काय खाल्लं, किती हाललो आणि साखर किती, एवढं रोज तीन ओळींत लिहायचं. मी शिंपी आहे. चोवीस वर्षं दुकान चालवतो, पण दुकानातलं लिहिणं सगळं बायकोकडे असल्यामुळे माझ्या हाताला खडूची सवय आहे, पेनची नाही. तरीही तीन ओळींत माझं भागणार नाही हे पहिल्याच पानावर दिसतंय.

खाणं: सांगितलं तेवढंच. (आणि दोन बिस्किटं.)

हालचाल: पॅडल. आमच्या दुकानाच्या मागे बंद पडलेल्या छापखान्याचं गोदाम होतं, तिथे गेल्या वर्षी याची दोन कोर्टं झाली. खेळ टेनिससारखाच, पण कोर्ट लहान, भोवती काच आणि जाळी, आणि नेहमी दोघांविरुद्ध दोघं. रॅकेटला तारा नसतात, भोकं पाडलेली जाड फळीच असते. चेंडू टप्पा पडून मागच्या काचेवर आपटला तरी जिवंत राहतो, म्हणजे आपल्याला आणखी एक संधी मिळते. मी ती सहसा वाया घालवतो.

ऑक्टोबरपासून बुधवारी आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं जातो. बायकोला खेळाची आवड वगैरे नव्हती. मी आठवड्याभरात सोडून देईन अशी तिला खात्री होती, म्हणून राखणीला आली. आता राखण राहिली बाजूला, मला उठवते तीच.

साखर उपाशीपोटी १४८.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज डेंटिस्ट पँटच्या ट्रायलला आले. कोर्टवर भेटतात तेच हे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी आमच्या दुकानाची एक पद्धत लिहायला हवी. ही वही कोणी वाचणार नाही असं धरून लिहितो.

गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप मोठ्याने खरं सांगायचं नसतं. टेप एकोणचाळीस दाखवत असेल तर मी ‘छत्तीस’ म्हणतो आणि टेपच्या पितळी टोकाने टेबलावर तीनदा टकटक करतो, कमी सांगितलेल्या इंचाला एक. बायको वहीत एकोणचाळीस लिहिते. गिऱ्हाईक छत्तीस ऐकून खूश, कपडा एकोणचाळीसचा, अंगावर बसतो मस्त. बोलायचं माप वेगळं आणि लिहायचं माप वेगळं. चोवीस वर्षांत या टकटकीबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललोसुद्धा नाही. पहिल्या महिन्यात एकदा मी सहज ठोकलं, तिने लिहिलं, तेव्हापासून चालू आहे.

तर डेंटिस्ट. दोन वर्षांत त्यांच्यासाठी एकदाही टकटक करावी लागलेली नाही. तेहतीस म्हणजे तेहतीस. असा माणूस कोणाला आवडेल?

दुपारी एक मुख्याध्यापक आले. टेप लावण्याआधीच म्हणाले, माझी कंबर चौतीस आहे. मी म्हटलं, दिसतेच आहे. पाचदा टकटक करावी लागली. बायकोने मान वर न करता लिहिलं. माणसाला स्वतःचं माप कधीच कळत नाही. कॉलेजात असताना जे होतं तेच तो आयुष्यभर सांगत राहतो. मला त्यांची दया आली.

साखर १५१. बिस्किटांचा संबंध नसावा.

९ फेब्रुवारी, रविवार

हरलो. डेंटिस्ट आणि त्यांची बहीण समोर होते. ६–१.

पॅडलमध्ये डावी बाजू हल्ला करणाऱ्याची आणि उजवी सांभाळणाऱ्याची, कारण मधले चेंडू डावीकडच्याच्या उजव्या हातावर येतात. पहिल्या दिवशी कोचने विचारलं, कोण कुठे उभं राहणार? मी तोपर्यंत डावीकडे जाऊन उभासुद्धा राहिलो होतो. बायको उजवीकडे गेली, कारण तीच बाजू उरली होती.

माझा खेळ आक्रमक आहे. चेंडू उंच आला की मला राहवत नाही, मी तो वरून मारतोच. याला स्मॅश म्हणतात. आज माझे स्मॅश थोडे जाळ्यात गेले आणि थोडे शेजारच्या कोर्टवर. क्लबच्या भाड्याच्या रॅकेटने यापेक्षा जास्त होणं शक्य नाही. ती गोल आहे, जुनी आहे, कडा उडालेल्या आहेत. अशा थापीने काय मारणार?

परत येताना बायको म्हणाली, वारा होता. खरंच असणार. गोदामाला छप्पर आहे, पण वर मोठे पंखे आहेत.

पाणी प्यायला वळलो तेव्हा मागे बोलणं चाललं होतं ते कानावर पडलं. मार्चमध्ये क्लबची मिश्र जोड्यांची स्पर्धा आहे आणि डेंटिस्टची बहीण महिनाभर परगावी चालली आहे. ते माझ्या बायकोला विचारत होते, तुम्ही माझ्याबरोबर खेळाल का? फार सभ्यपणे विचारत होते. ती म्हणाली, नावं द्यायची शेवटची तारीख सव्वीस आहे ना, तोपर्यंत सांगते.

ती लगेच नाही म्हणाली नाही, एवढं मी इथे लिहून ठेवतो.

साखर मोजली नाही. मूड नव्हता.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुकानाला सुट्टी. बायकोला सांगितलं, अस्तराचं कापड बघून येतो. गेलो खेळाच्या सामानाच्या दुकानात.

मी रात्रभर विचार करून ठरवलं होतं. आपला खेळ वाईट नाही, हत्यार चुकीचं आहे. रॅकेट बदलली की खेळ खुलेल. खेळ खुलला की डेंटिस्टकडे जायचं बायकोला कारणच उरणार नाही.

भिंतीवर रॅकेटी टांगलेल्या. तीन आकार असतात असं विक्रेत्याने समजावलं. गोल रॅकेटचं वजन मुठीजवळ असतं आणि चेंडू नीट बसतो ती जागा ऐसपैस असते, म्हणून ताबा चांगला. हिऱ्याच्या आकाराची वरून रुंद, वजन डोक्याकडे, ताकद भरपूर, पण चेंडू बरोबर लागायची जागा लहान आणि वरच्या टोकाला. थेंबाच्या आकाराची या दोघींच्या मधली. शिवाय आतला थर मऊ की कडक, हे वेगळंच. कडक म्हणजे मार जोरात, पण चुकलं की झटका कोपराला.

मग त्याने एक छापील कागद दिला. ‘तुमची खेळण्याची शैली ओळखा.’ मी काउंटरवर कोपर टेकून भरला.

प्रश्न: गुण बहुतेक कसे मिळवता? उत्तर: स्मॅश मारून.
प्रश्न: कोर्टवर जास्त वेळ कुठे असता? उत्तर: जाळ्याजवळ. (असतोच. चेंडू माझ्या मागे असतो.)
प्रश्न: खेळायला लागून किती काळ झाला? उत्तर: पुष्कळ.
प्रश्न: कोपराचा किंवा खांद्याचा त्रास? उत्तर: नाही.
प्रश्न: स्वतःला कोणत्या पातळीचे खेळाडू समजता? इथे ‘मध्यम’ आणि ‘प्रगत’ यांच्यामध्ये चौकट नव्हती, म्हणून वरचीवर खूण केली.

विक्रेत्याने कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागद वाचला. म्हणाला, यावरून तर तुम्हाला हिराच लागेल, आतून कडक. मात्र एकदा खेळून बघायला घेऊन जा, आम्ही नमुन्याच्या रॅकेटी देतो. मी म्हटलं, गरज नाही, मला माझा खेळ ठाऊक आहे.

काळी, वर लाल रेघ. वजन तीनशे सत्तर ग्रॅम. किंमत लिहीत नाही, ही वही घरातच असते.

अस्तर आणायचं राहिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल दिवसभर रॅकेटला पिशवी शिवली. सुटाचं उरलेलं राखाडी कापड, आतून साटीनचं अस्तर, आणि चेनऐवजी काज-बटणं. काज आमच्या काजकाकांनी केले. ते एकोणीस वर्षं दुकानात हाताने काज करतात, म्हणून हे नाव. पिशवी उलटसुलट करून पाहत म्हणाले, पिशवी रॅकेटपेक्षा भारी झाली आहे. मला वाटलं होतं कौतुक आहे.

बायकोला रॅकेट दाखवली. तिने हातात घेतली, तोलली, अस्तर मिळालं का विचारलं.

आज पहिल्यांदा खेळलो. नव्या वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो. चेंडू लागायची ती छोटी जागा वर कुठेतरी आहे एवढं कळलं, कारण माझा प्रत्येक चेंडू तिच्या खाली लागत होता. आवाज मात्र सुरेख येतो.

शेवटी कोच चेंडू गोळा करत असताना बायकोने गमतीत माझी रॅकेट उचलली. कोचने एक चेंडू उंच टाकला. तिने तो वरून मारला तो टप्पा पडून जाळीवरून उडाला आणि बाहेर खुर्च्यांमध्ये जाऊन पडला. बाहेर बसलेले दोघंजण उठून उभे राहिले. कोचने आणखी एक उंच टाकला. तोही खुर्च्यांमध्ये. टप्पा आत पडून चेंडू असा बाहेर गेला की गुण मारणाऱ्याचा.

यावरून रॅकेटमध्ये किती ताकद आहे ते सिद्ध होतं. योग्य वस्तू घेतली.

साखर १४४.

१६ फेब्रुवारी, रविवार

हरलो, पण जवळून. ६–२.

मूठ मला बारीक वाटत होती म्हणून काल तिच्यावर कॅनव्हासची पट्टी गुंडाळली, दोन पदर, कडेने हातशिलाई. कोचने पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, फिटिंग. तो म्हणाला, माणसाला बसत नसलेल्या कोटाचं तुम्ही काय करता? मी म्हटलं, उसवतो आणि पुन्हा शिवतो. तो म्हणाला, आणि कोट मुळात दुसऱ्याच्याच मापाचा असला तर?

हा मनुष्य खेळ शिकवायचं सोडून कोड्यात बोलतो.

बायकोला विचारलं, डेंटिस्टना काही कळवलंस का? म्हणाली, अजून दहा दिवस आहेत. मग म्हणाली, आज छान खेळलात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उजवं कोपर थोडं बोलतंय. बाहेरच्या बाजूला, हाडापाशी. सवय नसलेल्या स्नायूला काम दिलं की असं होतंच.

काजकाकांनी विचारलं, आज इस्त्री डाव्या हाताने कशी काय उचलताय? मी म्हटलं, दोन्ही हातांना व्यायाम हवा. ते म्हणाले, मग काज पण डाव्या हाताने घालू का?

साखर १३९. काहीतरी उतरतंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कोपर आता बोलत नाही, ओरडतं. नवऱ्या मुलाचा सूट कापायला घेतला होता. समोरच्या भागाच्या वळणावर कात्री अर्धा इंच आत गेली. चोवीस वर्षांत असं झालं नव्हतं. शिवणीत कापड राखून ठेवायची सवय म्हणून सूट वाचला. बायको समोर होती. तिने कात्रीकडे पाहिलं, माझ्या कोपराकडे पाहिलं, आणि उरलेला तुकडा उचलून घडी करून ठेवला.

रॅकेटचा काही संबंध नाही. दुकानातल्या कागदावर मी ‘कोपराचा त्रास नाही’ असंच लिहिलं होतं आणि तेव्हा ते खरंच होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते सरळ लिहितो.

चेंडू बायकोचा होता. उंच आला होता, मधोमध, तिच्या बाजूला झुकलेला. ती मागे सरकून रॅकेट वर करून तयार उभी होती. मी डावीकडून तीन ढांगांत आलो आणि मारला. चेंडू लागला नाही. रॅकेटची कड तिच्या उजव्या अंगठ्यावर लागली.

ती ओरडली नाही. रॅकेट खाली ठेवली आणि अंगठा दुसऱ्या मुठीत धरून बाकावर जाऊन बसली. समोरून डेंटिस्ट धावत आले, त्यांनी बर्फ आणला, बोट हलवून पाहिलं, मोडलं नाही म्हणाले. मी हातात रॅकेट घेऊन उभा. काय करावं सुचेना म्हणून रॅकेट पिशवीत घातली आणि बटणं लावत बसलो. चार बटणं आहेत. डेंटिस्ट बर्फ धरून बसलेले आणि मी बटणं लावतोय, असं ते दृश्य होतं.

घरी येताना मी तीनदा बोलायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “तो चेंडू माझा होता.”

मी म्हटलं, हो.

“आजचाच नाही म्हणत मी.”

आज वारा होता असं ती म्हणाली नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बायको सकाळी दोरे आणायला बाहेर गेली होती. मुख्याध्यापकांचा फोन आला, पँट आणखी एक हवी, तेच माप. मापांची वही तिच्या खणात असते. मी ती सहसा उघडत नाही, मला गरजच पडत नाही. मी मापं घेतो आणि विसरतो, लक्षात ठेवणं तिचं काम.

पानं उलटताना मध्येच एक पान लागलं. वर लिहिलं होतं, ‘घरचे’. खाली माझीच मापं, लेकीच्या लग्नात शिवलेल्या कोटाची. छाती, खांदा, बाही. कंबर किती ते इथे लिहीत नाही. तेव्हा मी स्वतः टेप लावून अडतीस म्हणालो होतो, ते आठवतं. टकटक केली नव्हती. तिने तरीही बरोबर तेच लिहिलं होतं जे लिहायला हवं होतं. कोट अजून बसतो.

त्याखाली रेघ मारून तिच्या बारीक अक्षरात:

१३ ऑक्टोबर. स्मॅश ९, आत १. लॉब ६, आत ६. माझे घेतले ४. सांगितलं: छान.

१६ ऑक्टोबर. स्मॅश ११, आत २. लॉब ५, आत ५. माझे घेतले ३. सांगितलं: पहिल्यापेक्षा बरं.

असं सगळं पान, आणि मागचंही. लॉब म्हणजे समोरच्यांच्या डोक्यावरून उंच, त्यांच्या मागच्या काचेपर्यंत टाकलेला चेंडू. मी तो अडचणीत सापडलो की टाकतो. वेळ काढायला. तो माझा फटका आहे असं मला कधी वाटलंच नाही, जसं आपल्या शिंकण्याला आपण काम समजत नाही.

मी बाजूला खडूने बेरीज केली. पाच महिन्यांत स्मॅश तीनशे अठ्ठावीस, आत एकतीस. लॉब एकशे नव्वद, आत एकशे एकाहत्तर. नवी रॅकेट आल्यापासून लॉबसुद्धा बाहेर जायला लागले होते. माझे घेतले, म्हणजे तिच्या वाट्याचे मी मारलेले: एकशे चौसष्ट.

९ फेब्रुवारी. स्मॅश १४, आत २. लॉब ३, आत ३. माझे घेतले ७. सांगितलं: वारा होता.

आणि शेवटची ओळ डाव्या हाताने लिहिलेली, अक्षरं पडलेली:

२३ फेब्रुवारी. स्मॅश १०, आत ०. लॉब २, आत १. माझे घेतले ८. सांगितलं:

पुढे काही नव्हतं. रकाना रिकामा.

काजकाका समोर बसून काज घालत होते. मी विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “माप घेतल्याशिवाय ती कापडाला हात लावू देते का कधी?” म्हणाले. “फक्त तुम्हाला कापायचं कुठून, ते तिला ठरवता येत नसेल.”

पाच महिने दर खेळानंतर मोठ्याने छत्तीस ऐकत होतो आणि खूश होत होतो. मुख्याध्यापकांची मला दया आली होती, ते याच वहीत वीस-बावीस पानं मागे लिहिलेलं आहे. ते पान मी फाडणार होतो. फाडलं नाही. डॉक्टरांना दाखवताना दोन पानं एकदम उलटीन.

साखर १३३.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काल दुपारनंतर क्लबवर एकटाच गेलो होतो. भाड्याच्या रॅकेटींच्या टोपलीत खालीच होती ती, गोल, कडा उडालेली. कोचला म्हटलं, अर्धा तास फक्त लॉब. त्याने रॅकेटकडे पाहिलं आणि एकही कोडं घातलं नाही. अर्ध्या तासात मी फार दिमाखदार असं काही केलं नाही. चेंडू वर जात होते आणि मागच्या काचेपाशी पडत होते. कोपर गप्प होतं. मला सारखं वाटत होतं, यात खेळ तो कसला? आणि कोच घामाघूम झाला होता.

आज खेळायला गेलो नाही, तिचा अंगठा अजून सुजलेला आहे. दुकान उघडण्याआधी ती मशीनमध्ये दोरा ओवत होती, डाव्या हाताने, तिसऱ्यांदा. मी ओवून दिला आणि उभ्या उभ्याच सांगितलं की तिने डेंटिस्टबरोबर खेळावं. त्यांच्या तोडीचा खेळ आहे तिचा. मी बाहेर खुर्चीवर बसून टाळ्या वाजवीन.

ती म्हणाली, “पान बघितलंत वाटतं.”

“बघितलं.”

“मापांची वही गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत.”

मी म्हटलं, गिऱ्हाइकाने चोरून बघितली. त्यावर ती किंचित हसली असं मला वाटलं, पण खात्री नाही, मान खाली होती.

मग तिने सांगितलं की डेंटिस्टना तिने रविवारीच नाही म्हणून कळवलं आहे. मी विचारलं, का? म्हणाली, फार चांगले आहेत, पण प्रत्येक चेंडूनंतर सॉरी म्हणतात. दोन तास सॉरी ऐकायला ती कोर्टवर जात नाही.

मला काहीच कळेना. नाही म्हणून टाकलंय, तर काल मापांच्या वहीखाली दिसलेला स्पर्धेचा फॉर्म अजून कोरा का?

“दुसरं नाव कोणाचं लिहायचं ते ठरत नव्हतं,” ती म्हणाली. “घरात दोघं आहेत. एक ऑक्टोबरपासून लॉब टाकतो. दुसरा परवा पिशवीची बटणं लावत बसला होता. त्या दुसऱ्याबरोबर मी खेळणार नाही. स्पर्धाही नाही आणि बुधवार-रविवारही नाही.”

हे ती आवाज न चढवता म्हणाली. गिऱ्हाइकाला सूट कधी शिवून मिळेल ते सांगते त्याच आवाजात. म्हणून मला कळलं की हे बोलायचं माप नाही.

मी सांगितलं की पहिल्याचं नाव लिही. गोल रॅकेट काल आणली आहे, भाड्याची.

तिने खणातून फॉर्म काढला. माझ्याकडूनच भरून घेतला, अंगठ्यामुळे. ‘डावी बाजू’ या ओळीपाशी मी सवयीने माझं नाव लिहायला लागलो आणि थांबलो. तिने वाट पाहिली. मी तिचं नाव लिहिलं.

“आणि ती हिऱ्याची इकडे द्या,” ती म्हणाली. “कॅनव्हास काढून. आणि पिशवी तुम्हीच ठेवा.”

साखर १२९. खाणं: काहीच आठवत नाही.

२ मार्च, रविवार

सूज उतरली. सराव. कॅनव्हासची पट्टी उसवायला मला पाऊण तास लागला, शिलाई इतकी पक्की घातली होती.

उजव्या बाजूने कोर्ट वेगळंच दिसतं. तिथून मला पहिल्यांदा तिचा खेळ दिसला. आतापर्यंत मी तिच्या पुढे असायचो. ती पाय आधी लावते, मग हात. वजनदार डोक्याची ती रॅकेट तिच्या हातात जड दिसत नाही. पंचवीस किलोची कापडाची ठाणं फळीवर चढवायचं काम दुकानात कोण करतं, याचा मी रॅकेट घेताना विचार करायला हवा होता.

एक उंच चेंडू मधोमध आला आणि माझे पाय आपोआप निघाले. दोन ढांगा. तिसरी टाकली नाही. प्रगती आहे.

साखर १२४.

९ मार्च, रविवार

स्पर्धा झाली.

पहिला सामना जिंकलो, एका तरुण जोडप्याविरुद्ध. त्यांच्याकडे ताकद होती. मी चेंडू त्यांच्या डोक्यावरून टाकत राहिलो, ते मागे धावत राहिले, आणि वैतागून त्यांनी जे काही परत पाठवलं ते बायकोने खुर्च्यांमध्ये पाठवलं. बाहेर बसणाऱ्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या. शेवटी त्या मुलाने मला विचारलं, काका, तुम्ही मारत का नाही? मी म्हटलं, बाळा, मारलं असतं तर तुम्ही जिंकला असता.

दुसरा सामना डेंटिस्ट आणि शाळेतल्या पीटीच्या बाईंशी. मला डेंटिस्टच्या कमरेचं माप पाठ आहे, या विचाराने धीर येईल असं वाटलं होतं, पण तेहतीसच आहे, त्यात धीर कसला? पाच-पाच झालं, सहा-सहा झालं, आणि शेवटी एका गुणावर येऊन ठेपलं.

त्या गुणाला किती चेंडू झाले ते तिच्या वहीत असेल. मी एक लॉब टाकला, दुसरा टाकला. तिसऱ्यानंतर डेंटिस्टनी काचेला पाठ लावून कसाबसा चेंडू वर उडवला. तो उंच, संथ, अगदी मधोमध आला. थोडासा माझ्याच बाजूला. असा चेंडू आयुष्यात एकदा येतो. पाच महिने मी ज्याच्यासाठी जाळ्याजवळ उभा होतो, तो हाच.

“तुझा,” मी म्हटलं आणि बाजूला झालो.

तिने पाय लावले, हात वर नेला आणि मारला. आवाज सुरेख आला. चेंडू जाळ्याच्या वरच्या पट्टीवर लागला, क्षणभर विचार केल्यासारखा उडाला आणि आमच्याच बाजूला पडला.

डेंटिस्ट सॉरी म्हणाले.

बाकावर बसलो. ती रॅकेटच्या भोकांतून बोट फिरवत होती. मला तिला सांगायचं होतं की तो चेंडू पुन्हा आला तरी मी पुन्हा बाजूला होईन, शंभरदा आला तरी. पण एवढं लांब वाक्य मला जमलं नसतं. मी म्हटलं, वारा होता.

ती वर पंख्यांकडे बघून हसली, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल इतकं.

मग टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाली, “ठीक खेळलात.”

मी मान हलवली. ठीक तर ठीक. पाणी प्यायला उठणार, तेवढ्यात ऐकू आलं. तिने बाकाच्या फळीवर बोटाने टकटक केली. दोनदा. माझ्याकडे न बघता, मी दुकानात करतो तशी. चोवीस वर्षं ठोकणारा मी आणि ऐकणारी ती. आज पहिल्यांदा ऐकायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी ते इथे लिहून ठेवलं आहे. साखर मोजायची राहिली.